सुरंगी नदीपाशी आली तेव्हा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. ती रोज माझ्या शेजारी बसते — हाताच्या अंतरावर — म्हणून तर आणखीच नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही तिला ओळखत नाही, एवढंच.

गोष्ट एका मांगाची आहे. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. हसू नका. तिशी ओलांडलेली बाई, कट्टा गावाजवळच्या काजूच्या कारखान्यात गर सोलणारी, आणि कबुली देतेय ती मारामारीच्या चित्रकथेवरून — मलाही कधीकधी हसू येतं. मग येईनासं होतं.

कारखान्यात आम्ही बायका लांब टेबलाभोवती बसून भाजलेल्या गराची साल काढतो. हात गुंतलेले, कान मोकळे. त्यामुळे कुणीतरी काहीतरी सांगायचं ही तिथली रीतच. कुणी टीव्हीवरची मालिका सांगते, कुणी गावातली भांडणं. मी बी.ए. झालेली, इंग्रजी वाचता येणारी — मी घरी फोनवर मांगा वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी मालवणीत सांगायचे. जपानी नावं कुणाच्या तोंडात बसेनात, म्हणून मीच सगळ्यांचं बारसं केलं. नायक झाला बाबलो. त्याच्याच आखाड्यात शिकणारी, त्याच्याहून चपळ मुलगी झाली सुरंगी.

काय होतं त्यात एवढं? आमच्या जन्माआधीपासून चाललेली कथा, शंभराच्या वर भाग. पहिले वीस-पंचवीस तर — काय सांगू. एक लाथ नीट बसायला बाबलोला अख्खं वर्ष लागतं. हरला की खरंच हरतो, महिनाभर लंगडतो. पुढे मात्र आमटीत पाणी घालत जावं तसं झालं. मेलेले उठून येतात, कालचा वैरी आज जिवलग होतो, एकेक लढत दहा-दहा भाग संपत नाही. मला ते दिसत होतं. म्हणून टेबलावर सांगताना कंटाळवाणं मी गाळायचे, आणि हळूहळू — पदरचं घालायचेही. कुणाला कळणार होतं?

ऐकणाऱ्यांत रुपाली होती, माझी लहानपणापासूनची मैत्रीण. शाळेत कराटे शिकली, जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिली आली, आणि कारखान्यात लागल्यावरही तिने सराव सोडला नव्हता. सकाळी घरापुढच्या खळ्यात घाम गाळून मग कामाला यायची. सुरंगी म्हणजे तिचा जीव की प्राण. "आज सुरंगीचा काय झाला?" हा तिचा पहिला प्रश्न.

सात वर्षांपूर्वी तिच्या कराटेच्या मास्तरांचा फोन आला. त्यांनी म्हापशाला क्लास काढला होता आणि मुलींना शिकवायला त्यांना रुपाली हवी होती. दोडामार्गला मावशीकडे राहायचं, तिथून रोज जायचं-यायचं. आठवड्यात कळव म्हणाले. घरचे हो-नाही करत होते, तीही करत होती. आणि मांगात नेमकं तेच आलं होतं — डोंगरापलीकडच्या मोठ्या गुरूने सुरंगीला एकटीला बोलावलं होतं. रुपाली अर्धवट हसत म्हणाली, "सुरंगी गेली तर मी पण जातलंय." गंमतच केली तिने, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल? पण तिचे डोळे हसत नव्हते, ते मी पाहिलं होतं.

आता ताकाला जाऊन भांडं किती लपवू?

तो भाग मी वाचला होता. सुरंगी गेली होती. नदी ओलांडून, मागे वळूनही न बघता. त्या मांगातली सगळ्यात देखणी पानं ती — एक शब्द नाही, नुसती तिची पाठ आणि पाणी. आणि मी टेबलावर सांगितलं, की सुरंगी नदीपाशी आली, थांबली आणि परत फिरली. तिच्याशिवाय आखाडा ओस पडेल म्हणून. इतकं रंगवून सांगितलं, की समोरच्या काकींनी डोळ्यांना पदर लावला. "बरा केल्यान गो चेडवान," त्या म्हणाल्या.  रुपालीच्या सुरीखालचा गर तुटला. तिचे गर सहसा तुटत नसत.

दोन दिवसांनी तिने मास्तरांना नाही म्हणून कळवलं.

चित्रकथा ऐकून कोणी आयुष्याचे निर्णय घेतं का? नसेल घेत. घरचे होते, मावशीचं घर लहान होतं, कारणं पुष्कळ होती. पण तराजू अधांतरी असताना मी एका पारड्यावर बोट ठेवलं. का? ती गेली असती तर माझ्या शेजारची जागा रिकामी झाली असती — हे एक. दुसरं सांगताना जीभ अडते. बी.ए. मी झाले होते, आणि बोलावणं तिला आलं होतं. जळले मी. सरळ शब्द हाच आहे.

पुढे मांगाच्या लेखकानेही सुरंगीला परत आणलं — बाबलोच्या जखमा बांधायला, आणि कडेला उभी राहून त्याच्या नावाने ओरडायला. मला एवढा संताप आला, की इंटरनेटवरच्या वाचकांच्या पानावर मी लांबलचक लिहिलं: इतक्या ताकदीच्या मुलीचं तुम्ही मातेरं केलंत. कितीतरी जणांनी अंगठे दिले. लिहिताना माझी मला लाज वाटली का? नाही. छान वाटलं.

रुपालीचं लग्न झालं, सराव सुटला. मुलगी आता पाच वर्षांची आहे. कुणी न शिकवता खळ्यात लाथा मारत असते. परवा त्यांच्याकडे गेले, तर रुपालीने तिला माझ्यापुढे बसवलं. "हिका सुरंगीची गोष्ट सांग गो. माका तुझ्यासारखी सांगूक येत नाय."

पोरगी मांडी घालून बसली. मी पहिल्यापासून सांगत गेले. सुरंगी नदीपाशी आली तेव्हा रुपाली हातातलं काम ठेवून दारात येऊन उभी राहिली. एक वाक्य बदलायचं होतं, फक्त एक.

"मगे ती गेली?" पोरीने विचारलं.

"नाय," मी म्हटलं. "परत इली."