बॅलेतला समुद्र

मला गप्प बसवत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. पण त्या एका खोडीपायी मी एका रविवारी सकाळी नाशिकातल्या सभागृहभर भल्या माणसांना रडवलं, आणि तेसुद्धा अशा गोष्टीवर, जिच्यावर बाकीचं जग पोट धरून हसतं. चहा घ्या, गार होईल. घेता घेता ऐका.

आमच्या सोनलनं स्वतःच स्वतःचं लग्न ठरवलं. मुलगा अनिकेत, तिच्याच ऑफिसातला. मुलगा चांगला, त्याबद्दल प्रश्न नाही. पण माणसं आमच्या समाजाची नव्हेत. घर कॉलेज रोडला, आम्ही उपनगरचे. त्यांच्या हॉलमध्ये भिंतभर पुस्तकं आणि तंबोरा, आमच्या हॉलमध्ये बुद्धमूर्ती आणि माझ्या चौथीच्या वर्गाचे तपासायचे गठ्ठे. अनिकेतची आई, माधवीताई, पहिल्यांदा आमच्याकडे आल्या, तेव्हा मी सकाळपासून घरात नुसती येरझारा घालत होते. एकच विचार डोक्यात: आपली पोर कुठे कमी पडायला नको.

चहा झाला, पोहे झाले. मग माधवीताई सहज म्हणाल्या, "आमच्या रसिक मंडळात हल्ली बॅले दाखवतात. पडद्यावर, रेकॉर्डिंग हो. मी नुकतीच जायला लागलेय. तुम्हाला आवडतो का बॅले?"

आता खरं काय होतं? माझी आणि बॅलेची ओळख सोनलच्या लहानपणीच्या एका डबीपुरती. झाकण उघडलं की आत एक बाहुली एका पायावर गरगर फिरायची आणि टुणटुण वाजायचं. पण माझ्या तोंडून काय गेलं?

"आवडतो म्हणजे काय? मी तर नेहमी बघते."

सोनलनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पोह्यांची बशी पुढे करून टाकली.

"अरे वा," माधवीताई एकदम पुढे सरकल्या. "मग या रविवारी याच. मला नाचातलं काही कळत नाही हो, नुसते पाय बघत बसते. तुम्ही शेजारी असाल तर समजावून तरी सांगाल."

झालं. आठवडाभर माझी झोप उडाली. मंडळाच्या ग्रुपवर बॅलेचं नाव आलं होतं, सोनलनं ते मला पाठवलं. गोष्ट मी शोधून पाठ केली. एक कोळ्याची मुलगी असते. तिचं एका तरुण खलाशावर प्रेम. एक कॅप्टन येतो आणि त्याला बोटीवर घेऊन जातो. बोट बुडते. ती किनाऱ्यावर वाट बघत राहते, त्याचं भूत येतं, आणि शेवटी ती समुद्रात चालत जाते. मी फोनवर वाचतानाच रडले होते.

मग खुणा शिकले. बॅलेत कोणी बोलत नाही ना, सगळं हातांनी. छातीवर हात म्हणजे प्रेम. अंगठीच्या बोटाकडे बोट दाखवलं म्हणजे लग्न. दोन्ही मुठी एकमेकींवर आडव्या धरून खाली नेल्या म्हणजे मरण. ओट्याशी उभी राहून मी पोळ्या लाटता लाटता यांना खुणा करून दाखवायची. हे म्हणजे आमचे गांगुर्डे, निफाडकडचे. बोलणं कमी. त्यांनी बघितलं, बघितलं, आणि म्हणाले, "मुठी नको करू, पोळी करपतेय."

रविवार उजाडला. कडाक्याची थंडी, गंगापूर रोडला धुकं. सभागृह लहानसं, पण भरलेलं. माधवीताईंनी आमच्यासाठी दोन खुर्च्या धरून ठेवल्या होत्या. मी बसले. पर्सची चेन उघडली, लावली. पाय हलवला. घड्याळ पाहिलं. हे स्कूटर लावायला गेले होते ते अजून आले नव्हते. मंडळाचे चालक पाटणकर सर मशीनशी काहीतरी खटपट करत होते, पडद्यावर नुसती निळी चौकट. मला बसवेना. "हे कुठे राहिले बघते," म्हणून मी उठले.

माझा सगळा घात त्या उठण्यात झाला. मी बाहेर पार्किंगमध्ये यांना शोधत असताना पाटणकर सरांनी आत सांगितलं, की ठरलेला बॅले मशीनवर लागत नाहीये, म्हणून आयत्या वेळी दुसराच लावतोय. कुठलं तरी फ्रेंच नाव घेतलं, ते कोणालाच धड ऐकू गेलं नाही, आणि त्यांनी दिवे घालवले. आम्ही दोघं अंधारात चाचपडत आत आलो तेव्हा संगीत सुरू झालेलं होतं.

माधवीताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "बरं झालं आलात. आता सगळी भिस्त तुमच्यावर. यातलं आम्हाला कोणालाच काही माहीत नाही."

मला वाटलं, नवीन आहेत बिचाऱ्या. म्हटलं, "काळजी करू नका."

पडदा उघडला. मोठी खोली, लाकडी टेबलं, भांडी, एका कोपऱ्यात भट्टी. एक जाडा माणूस, एक नाजूक मुलगी.

"हा कोळी आणि ही त्याची मुलगी," मी कुजबुजले.

"समुद्र कुठं हाय?" यांनी विचारलं.

"बाहेर असेल. येईल पुढे."

मग एक तरुण उड्या मारत आला. काय उड्या होत्या हो. वर गेला की माणूस क्षणभर तिथेच राहायचा, जसा काही खाली यायचा विसरलाय. दोघांनी छातीवर हात ठेवले. "प्रेम," मी म्हटलं. मुलीनं बोटाकडे बोट दाखवलं. "लग्नाचं विचारतेय." सगळं पाठ केल्यासारखं जुळत होतं. पुढच्या रांगेतल्या दोन बायका मान वळवून ऐकायला लागल्या. मागच्या रांगेत गळ्याला मफलर गुंडाळलेले एक आजोबा होते, ते पुढे वाकले. "ताई, जरा मोठ्यानं सांगा," म्हणाले.

मला एवढंच पाहिजे होतं. तीस वर्षं चौथीला शिकवतेय मी. कोणी मोठ्यानं सांगा म्हटलं, की माझा आवाज आपोआप शेवटच्या बाकापर्यंत जातो.

तेवढ्यात तो तरुण टेबलाशी गेला आणि दोन्ही मुठी आडव्या धरून खाली दाबायला लागला. पुन्हा पुन्हा.

"बघा, ही मरणाची खूण," मी म्हटलं. "त्याला आतून कळलंय, आपण परत येणार नाही."

"मला तर तो कणीक मळतोय असं वाटतं," हे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो."

मग एक माणूस आला, उंच टोपी, हातात काठी. त्यानं मुलीपुढे कमरेत वाकून नमस्कार केला. मी सांगितलं, हा कॅप्टन, हा त्या पोराला बोटीवर नेणार. कॅप्टन वाकला तो सरळ होताना काठीत पाय अडकून पडला. उठला, पुन्हा पडला. मागून कोणीतरी हसलं. मीही जरा गोंधळले. पण गप्प राहणं शक्य होतं का?

"काही लोकांना बोट लागते," मी म्हटलं.

"बोट अजून कुठं सुटली?" हे म्हणाले.

"नुसत्या आठवणीनंसुद्धा लागते."

मध्यंतरात चहा मिळाला, पण मला तो प्यायला कोणी देईना. माणसं भोवती जमली. पाटणकर सर आत मशीनपाशीच होते, नाहीतर तिथेच निकाल लागला असता. पुढे काय होतं म्हणून सगळे विचारत होते. मी आवाज खाली आणून सांगितलं, की आता तो बुडणार आहे, मन घट्ट करा. एका बाईंनी तिथेच रुमाल काढला. आणि माधवीताई माझ्या दंडाला धरून शेजारणीला म्हणाल्या, "या आमच्या होणाऱ्या विहीणबाई."

विहीणबाई. तोपर्यंत त्या मला सोनलच्या आई म्हणत होत्या. तुम्हाला सांगते, त्या एका शब्दावर मी तेव्हा समुद्र काय, आकाशसुद्धा दाखवलं असतं.

दुसऱ्या भागातही तीच खोली. तोच जाडा माणूस. यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. "येईल," मी म्हटलं. खरं तर आता मलाच शंका यायला लागली होती. पाय थांबत नव्हता, पर्सची चेन हातात तुटून आली होती. पण पडद्यावर जे दिसेल त्याला गोष्ट चिकटवत जाण्याशिवाय मला काही सुचत नव्हतं. रसिकांची एक अख्खी रांग माझ्या तोंडाकडे बघत होती.

कोपऱ्यात एक मोठं लाकडी पिंप होतं. जाडा माणूस आणि कॅप्टन आत यायला लागले, तसा तो तरुण घाईघाईनं त्या पिंपात चढला. आधी कमरेपर्यंत दिसत होता, मग छातीपर्यंत, मग नुसते हात. मग हातही गेले.

"बोट," मी म्हटलं. "बोट बुडाली."

माधवीताईंनी माझा हात घट्ट धरला. पडद्यावर ती मुलगी पिंपाभोवती धावत होती, आणि कॅप्टन नेमका त्याच पिंपावर जाऊन बसला. मागच्या कोपऱ्यातली कॉलेजची पोरं खो खो हसली. मी वळले आणि वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, "एक तरुण माणूस बुडालाय, आणि तुम्हाला हसू येतंय?"

पोरं चिडीचूप. आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग पिंपाचं झाकण उघडलं आणि तो वर आला. डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, अंगातून धूर निघावा तसं काहीतरी उडतंय.

"भूत," मी म्हटलं.

समोरच्या दोघी हुंदके द्यायला लागल्या. माधवीताई तर डोळ्यांना पदर लावून मुसमुसत होत्या. मीही रडत होते. खोटं नाही, खरंच रडत होते.

शेवटी काय झालं? ते भूत खोलीभर नाचलं, जाड्या माणसानं त्याला मिठी मारली, मुलीनं बोटाकडे बोट दाखवलं, फुलं आली, भलाथोरला केक आला, आणि सगळं गाव नाचायला लागलं.

"हे काय?" माधवीताईंनी नाक पुसत विचारलं.

"तिला स्वप्न पडलंय," मी म्हटलं.

"आणि एवढ्या सगळ्यांना तेच स्वप्न?" हे म्हणाले.

दिवे लागले. पाटणकर सर हसत पुढे आले. "आयत्या वेळी बदलावा लागला, माफ करा. पण म्हटलं, थंडीची सकाळ आहे, विनोदी काहीतरी बघू, जरा हसू…" एवढं बोलून त्यांनी सभागृहाकडे पाहिलं. अर्ध्या लोकांच्या हातात रुमाल.

"काय झालं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"बोट बुडाली," आजोबा म्हणाले.

"कुठली बोट?"

"ती कोपऱ्यातली."

"अहो, ते पिठाचं पिंप आहे. बेकरीतला पोरगा होणाऱ्या सासऱ्याला चुकवायला त्यात लपतो. मैद्यानं माखून बाहेर येतो. लग्न होतं."

हळूहळू एकेक मान माझ्याकडे वळली. मी माझ्या पर्सच्या तुटलेल्या चेनकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला काही नव्हतं.

आम्ही तिघं गुपचूप बाहेर आलो. माधवीताई पुढे, मागे न बघता. पायऱ्यांपाशी मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, मला बॅलेतलं ओ की ठो कळत नाही. डबीतली बाहुली सोडली तर मी कधी काही बघितलेलं नाही. तुमच्यासमोर कमी दिसायला नको म्हणून बोलून गेले. त्याचा राग पोरीवर काढू नका."

त्यांनी पदर तोंडाशी नेला. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं, पुन्हा रडतायत. पण त्या हसत होत्या, इतक्या, की पायरीवरच बसल्या. "अहो, मी त्या पोराच्या आईचा विचार करून रडत होते," त्या म्हणाल्या. "तिला कळवणार कोण, हाच विचार. आणि तो मैद्यात." मग मीही त्यांच्याशेजारी टेकले. हे स्कूटर घेऊन आले, तेव्हा आम्ही दोघी पायरीवर एकमेकींच्या अंगावर रेलून हसत होतो.

लग्नाची तारीख ठरली. पुढच्या महिन्यात मशीन दुरुस्त झालं, आणि तो समुद्राचा बॅले लागला. माधवीताई मला हाताला धरून घेऊन गेल्या. या वेळी मी ओठ मिटून बसले. आणि काय झालं, मलाच सांगता येत नाही. ती मुलगी किनाऱ्यावर नुसती उभी होती, बोटांच्या टोकांवर, टाच जमिनीला लागत नव्हती. जसं काही टाच टेकली तर वाट बघणं संपेल. मागे खरा समुद्र, निळं कापड सळसळतंय. खुणा मी बघितल्याच नाहीत, गोष्ट विसरून गेले. माझा पाय हलायचा थांबला होता हेसुद्धा मला नंतर कळलं. एवढी शांत मी आजवर बसलेली नाही. बॅले असा बघायचा असतो तर. तोंड बंद ठेवून.

खलाशाचं भूत आलं. पांढरंशुभ्र. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

तेवढ्यात मागून माझ्या खांद्यावर कोणीतरी हलकेच टकटक केलं. मफलरवाले आजोबा पुढे वाकले होते.

"ताई," ते कुजबुजले, "हा खरंच मेलाय, का पीठ लागलंय?"