यूस्तिनाच्या हातातला दोर

गावात यूस्तिनाला कुणी नवऱ्याच्या नावाने ओळखत नसे. उलट ओनुफ्रीलाच लोक 'यूस्तिनाच्या दोरावरचा' म्हणत. तो विहिरी खणायचा, ही वर दोर धरायची. दोन हिसके आले की ओढायचं, मागचापुढचा विचार करायचा नाही. या एका नेमावर त्यांचा संसार चालला होता.

ल्विव्ह शहरातल्या कॉलेजची पोरं गावाबाहेरच्या खड्ड्यातून जिप्समच्या गुहेत शिरली आणि चिखलाने बुजलेल्या एका फटीपाशी अडली. फटीतून वारा येत होता, म्हणजे पलीकडे मोठी पोकळी असणार. त्यांनी ओनुफ्रीला बोलावलं. यूस्तिनाने बजावलं, "दोर मीच धरणार. तुमच्या हाती माझा माणूस द्यायला मी काही खुळी नाही."

जेमतेम सरपटता येईल एवढा चिखल उपसून ओनुफ्री डोक्याला दिवा नि कमरेला दोर बांधून आत गेला. दोर सरकत राहिला, मग थांबला. आणि दोन हिसके आले.

यूस्तिनाने पाय रोवून जीव खाऊन ओढलं. आतून एक किंकाळी आली, मग काहीच नाही.

"मावशी, सोडा तो दोर!" पोरांचा म्होरक्या ओस्ताप ओरडला. "ही विहीर नाही. दोर वळणावर अडकला म्हणून काकांनी हिसके दिले असतील. तुम्ही त्यांना उलटं फटीत आवळताय."

तिने ओढणं थांबवलं. ओस्तापने शिरून पाहिलं, पण त्याचे खांदेच मावेनात. यूस्तिना काटकुळी. ओनुफ्री खाली असताना तिने हातातला दोर कधी सोडला नव्हता. आज तो टाकला आणि त्या दोरालाच चाचपत ती आत शिरली.

"मेल्या, बोल. शिवी दे, पण बोल."

वळणापाशी दोर कपारीत रुतून ताणलेलाच होता. पुढे हाताला त्याचा बूट लागला. तिने कमरेची सुरी काढून टाचेपाशी दोर कापला. ओनुफ्री खोकला, घरघरत श्वास घेऊ लागला.

"दोर कुणाकडे आहे?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"कुणाकडे नाही. मी इथे आहे."

"मग आपल्याला ओढणार कोण, बये?"

"कुणी नाही. पुढे सरक."

तो सरकला, आणि त्याच्या दिव्याचा उजेड एका अफाट दालनात पडला. त्या दालनाचे नकाशे पुढे पोरांनी केले. बायका यूस्तिनाला अजून विचारतात, मधाच्या रंगाचे स्फटिक होते म्हणे?

"असतील बाई," ती म्हणते. "मी त्याची टाच धरून रडत होते."