चिंचेनं घासलेलं बक्कल

चाकूरच्या आमच्या घरातून फौजेत निघालेल्या माणसाला ओवाळण्याआधी एक काम करावं लागतं. पणजोबांच्या पट्ट्याचं पितळी बक्कल चिंचेच्या कोळानं घासायचं. आजोबांनी घासलं, दादांनी म्हणजे माझ्या वडिलांनी घासलं, भावानं घासलं. चकचकीत झालं की ते परत ट्रंकेत जातं.

माझ्या डोक्यात मात्र लहानपणापासून एकच भुंगा. फौजेच्या बक्कलावर काहीतरी निशाण असतंच, मग आमचंच कोरं कसं? दादांना विचारलं की म्हणायचे, "घासायचं काम हाय, इचारायचं न्हाई." सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, घरातही हुकूमच सोडणार.

यंदा माझी मुलगी लष्करी पोलिसांत निवडली गेली. निघायचा दिवस उजाडला तरी दादा ट्रंकेकडे फिरकेनात. पोरगी म्हणून तिला या रांगेत धरत नाहीत, असं वाटून माझं डोकं तापलं. तिचंही तोंड उतरलं होतं. शेवटी तिनंच वाटीत चिंच भिजवली आणि दादांसमोर जाऊन बसली.

"बक्कल द्या आजोबा. त्याबिगर मी निघत न्हाई."

दादांनी ट्रंक उघडून काढून दिलं. पोरीनं जरासं घासलं, मग उजेडाकडे तिरपं धरलं.

"हे झिजलेलं न्हाई. कानस मारलीय ह्याला. ह्या रेघा बघा की."

दादांनी ट्रंकेचं झाकण लावलं. मग म्हणाले, "माझा आजा निजामाच्या फौजेत व्हता. राज्य गेलं, घरी आला, आन् पाणी पियाच्या आधी कानस मागितली. निशाण खरवडून काढलं. पुढं माझा बाप भरती झाला तो त्याच फौजेत, जिच्यापुढं आज्यानं हत्यार खाली ठेवलं व्हतं. बाप निघाला तवा आज्यानं बक्कल हातात दिलं. म्हणला, उरलंसुरलं घासून काढ."

घराण्याची रीत म्हणून आम्ही मिरवत होतो ते हे! मला हसू आलं, आणि पणजोबांची कीवही आली.

"मग हिला देत का नव्हता?" मी विचारलं.

"ही तुझ्यावर गेलीय. इचारल, ह्याची धास्ती व्हती."

पोरीचा हात वाटीवरच थांबला होता. "आता घासू का नको, आजोबा?"

दादांनी बक्कल घेऊन त्या रेघा बोटानं चाचपल्या.

"चिंच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "नुसत्या पाण्यानं धू, आन् तुझ्यासंगं घेऊन जा."