नुसत्या शिवराया

महायुद्ध चालू होतं. साताऱ्यात एका तांबटाकडं जुन्या तांब्याची मोड वितळायला निघाली होती. त्या ढिगातून दिसेल ते नाणं उचलून मी खिसा भरत होतो. शेजारी लष्करी कोटातला एक अनोळखी माणूस एकेक नाणं अंगठ्यानं पुसून उजेडात धरत होता.

"गड्या, समदंच गोळा केलंस तर तुज्याकडं बी निस्ती मोडच साठंल," तो म्हणाला. "एकच जात धर. मी फकस्त शिवराया बघतो, शिवाजी म्हाराजांच्या नावाची तांब्याची नाणी. दर ठशाचं अक्षर येगळं असतंय."

एवढ्यात तो ओरडला, "घावली! असला 'श्री' माज्याकडं न्हाई!" आणि त्यानं तांबटालाच मिठी मारली.

भट्टी पेटली होती. मी खिसा ढिगावर उलटा केला आणि घाईघाईनं शिवराया शोधू लागलो. पहिली हाती लागली, तेव्हा त्याच्यापेक्षा मोठ्यानं मी ओरडलो.