गाडीतलं गाडीत

हळूमामाला गाडी जोरात हाकायला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सायकलवाले त्याला ओलांडून जात, मागचे भोंगे वाजवून वाजवून दमत, आणि मामा आपला मुंगीच्या पावलाने चाललेला. "घाई असेल तर उडून जा की! माझ्या गाडीत मुलं आहेत," असं खिडकीतून हात काढून सांगे आणि पुन्हा तसाच. नाव मुलांनीच ठेवलेलं, आणि त्याला ते मनापासून आवडे. बायको म्हणे, "मुलांचं काय चुकलं? आमच्या लग्नाला हे स्वतःच सगळ्यांच्या शेवटी पोचले होते."

गाडी मुलांच्या केंद्राची. घाबरलेली, खचलेली, शाळेचं नाव काढलं की पोटात दुखायला लागणारी, स्वतःच्याच हातावर राग काढणारी मुलं तिथे येत. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ते सुरू झालं तेव्हा अख्ख्या गल्लीने उचलून धरलं होतं. कुणी खुर्च्या दिल्या, सुताराने टेबल करून दिलं, रंगाऱ्याने जुनी गाडी फुकटात पिवळी करून दिली. हे सगळं ज्यांनी उभं केलं त्या मॅडम. मामाच्या लेखी आधी मॅडम, मग देव.

त्याला कारण होतं. मामाचा मुलगा शाळेच्या शेवटच्या वर्षी अंथरुणाला खिळला होता. ताप नाही, खोकला नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून पडून. डॉक्टरांनी हात टेकले. मग मॅडम घरी आल्या, त्याच्या उशाशी बसल्या, आणि पुढे तो आठवड्यातून दोनदा त्यांच्या खोलीत जाऊन बसायला लागला. काही महिन्यांत उठला, परीक्षा दिली, पास झाला, लांबच्या शहरात नोकरीला लागला. आता दर रविवारी फोन करतो. तिकडे ऊन आहे की वारा आहे एवढं सांगतो आणि ठेवून देतो. "हा हवामान खात्यात लागलाय का हो?" बायको विचारी. मामा म्हणे, "असू दे. पोरगं उभं राहिलं, आणखी काय पाहिजे?" त्या उपकारापायी मालट्रकची बरी नोकरी सोडून तो केंद्राची गाडी हाकायला आला होता.

आता गाडीतला आरसा. केंद्राच्या खोलीत मुलं सहसा बोलत नसत. समोर खुर्ची, खुर्चीत समजूतदार चेहऱ्याचं माणूस, टेबलावर डोळे पुसायचे कागद आधीच काढून ठेवलेले. तुम्ही-आम्ही तरी बोललो असतो का? पण गाडीत, पाठमोऱ्या माणसाच्या मागे, बाहेर बघत बघत मुलं एकमेकांशी बोलत, मामाशी बोलत, कधी नुसतीच बोलत. एकदा एका मुलीची नजर बोलता बोलता पुढच्या आरशात मामाच्या नजरेला भिडली आणि ती जी गप्प झाली ती घर येईपर्यंत. मामाने त्याच संध्याकाळी आरसा वर ढकलला. तेव्हापासून त्यात गाडीचं छत दिसे. चौकातला पोलीस चिडवी, "काय मामा, आरशात देव बघता का?" मामा म्हणे, "मागचं बघायला बाहेर दोन आरसे आहेत की साहेब!"

गाडीतलं गाडीत, हा त्याचा कायदा. पण मामा काही खुळा नव्हता. कुणी काळजीचं बोललं तर तो गाडी कडेला घेई आणि सरळ विचारी, "हे मॅडमना सांगायला पाहिजे. तू सांगतोस, मी सांगू, की दोघं जाऊ?" मूल चिडे, रडे, पण शेवटी त्याच्याबरोबर जिना चढे. मुलांच्या पाठीमागून मॅडमपर्यंत काही जात नसे. मुलांना तेवढं पुरत होतं.

एके दिवशी समोरच्या काचेवर एक काळी डबी चिकटली. मॅडम म्हणाल्या, "कॅमेरा आहे मामा. उद्या कुणी ठोकरलं तर पुरावा असावा. तो फक्त रस्ता बघतो." मामाला हसू आलं. त्याच्या वेगाला कोण ठोकरणार? पण मॅडम म्हणाल्या म्हणजे संपलं.

त्याच सुमाराला 'खिडकी' यायला लागली होती. सगळ्यात मागची खिडकी धरून बसायची म्हणून गाडीतल्या मुलांनी तिला हे नाव दिलं. वय अडनिडं, अंगाने काडी. घरी सगळ्यांबरोबर जेवायला बसत नव्हती आणि शाळेत पेपर कोरे देत होती. वडिलांचं औषधांचं दुकान होतं. माणूस भलता कडक, घरात त्यांच्यापुढे कुणी ब्र काढत नसे. गाडीत ती "आले" आणि "जाते" यापलीकडे बोलत नव्हती. पण दर आठवड्याला एकेक बाक पुढे सरकत होती, आणि एक दिवस मामाच्या बरोबर मागे येऊन बसली.

"मामा, ती डबी ऐकते का?"

"छे ग. ती रस्ता बघते."

"नक्की?"

मामाला ठाऊक नसलेली गोष्ट नक्की म्हणून सांगता येत नसे. तो म्हणाला, "उद्या विचारून सांगतो." आणि खरोखरच विचारलं. मॅडम हातातलं काम न सोडता हसल्या. "नाही हो मामा, आवाज नाही त्यात. तुमच्यापासून काय लपवायचंय?" दुसऱ्या दिवशी मामाने तिला सांगितलं, "मी स्वतः विचारलं. नाही ऐकत. माझ्या शब्दावर बस."

ती बसली. केंद्र यायच्या आधीच्या लांब भिंतीपाशी, बाहेर बघत म्हणाली, "माझी आई नळ सोडून रडते."

"म्हणजे?"

"बाथरूममध्ये. नळ सोडला की बाहेर ऐकू येत नाही असं तिला वाटतं. मी जेवायला बसले की बाबा माझ्यावरून तिला बोलायला लागतात. मी बसलेच नाही तर कमी बोलतात."

मामाने गाडी कडेला घेतली आणि आपला ठरलेला प्रश्न विचारला. ती बराच वेळ खिडकीच्या रबराशी खेळत राहिली. मग म्हणाली, "मी सांगेन. आईला घेऊन येईन, आम्ही दोघी सांगू. ती हो म्हणायला आलीय. पण त्याच्या आत बाबांना कळलं ना, तर आई परत तोंड उघडणार नाही. मीपण नाही."

"मी दाराबाहेर उभा राहतो," मामा म्हणाला. "तुमचं होईपर्यंत हलत नाही."

घरी जाऊन त्याने बायकोला काहीच सांगितलं नाही, पण दोनदा चहा मागितला. आनंद झाला की तो चहा मागे.

पुढच्याच आठवड्यात तो खिडकीच्या घरापाशी गाडी घेऊन गेला तेव्हा फाटकात तिचे वडील उभे होते, दुकानातला पांढरा कोट घातलेले.

"उद्यापासून गाडी आणू नका."

"का हो साहेब, बरं नाही का तिला?"

"माझी बायको नळ सोडून रडते म्हणे! ऐकलं मी सगळं, माझ्या मुलीच्या आवाजात. तुमच्या मॅडमनीच बसवून ऐकवलं. आणि तुम्ही? गाडी कडेला घेऊन सल्ले देताय? गोगलगाय आणि पोटात पाय!"

वडिलांच्या मागे पायरीवर ती उभी होती, दप्तर खांद्याला तसंच. आई कुठे दिसत नव्हती. मुलगी रडत नव्हती, ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "तुम्ही विचारलं होतंत ना, मामा?"

"विचारलं होतं बाळ. खरंच विचारलं होतं."

वाण्याने माल संपला म्हटल्यावर गिऱ्हाईक हलवतं तशी तिने मान हलवली आणि आत गेली.

आयुष्यात पहिल्यांदा हळूमामाने गाडी जोरात हाकली. केंद्राचा जिना चढताना त्याला धाप लागली होती. मॅडमनी नाकबूल केलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्या म्हणाल्या, "तिचे वडील तिला काढून नेणार होते मामा. म्हणत होते, मुलगी बोलत नाही, काय उपयोग तुमचा? ती बोलते हे मला दाखवायचं होतं. तिच्या भल्यासाठीच केलं."

"मग तिला विचारून करायचं. निदान मला."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मुलांना सांगितलं असतं. मग गाडीत कोण बोललं असतं?"

एवढ्या शांतपणे केसाने गळा कापलेला मामाने पाहिला नव्हता. म्हणजे आरसा त्याने वर करायचा, भरवसा त्याने द्यायचा, आणि ऐकायचं त्या डबीने! तो म्हणाला, "माझ्या तोंडून खोटं वदवलंत तुम्ही. त्या पोरीला मी माझा शब्द दिला होता."

मॅडमचाही आवाज चढला. "आणि तुमच्या मुलाच्या वेळी? जिन्यात उभे राहून दर वेळी विचारायचात, काय म्हणाला, काय म्हणाला. मी सांगत होतेच ना? त्याला बाबांसारखं स्टिअरिंग धरून म्हातारं व्हायचं नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तेव्हा नाही विचारलंत, त्याला विचारलं का म्हणून."

मामा तसाच जिना उतरला. हे खरं होतं. त्याने ते ऐकलं होतं आणि त्याच संध्याकाळी मुलाच्या अंथरुणाशी बसून मोठ्या मायेने म्हणाला होता, "तू माझ्यासारखा होऊ नकोस हो. तुला पाहिजे ते कर." मुलाने मान वळवून त्याच्याकडे बघितलं होतं, कितीतरी दिवसांनी. मामाला वाटलं होतं, पोरगं निवळलं.

दुसऱ्या दिवशी गाडी निघायच्या आधी तो मुलांकडे तोंड करून उभा राहिला. डबीवर बोट ठेवून म्हणाला, "ही ऐकते. मला माहीत नव्हतं. आता तुम्हाला सांगितलंय." सगळी हाताची घडी तोंडावर बोट घेऊन बसली. त्या दिवशी गाडीत फक्त गिअरचा आवाज होता आणि पुढेही तेवढाच राहिला. मॅडम त्याच्यावर रागावल्या, पण काढलं नाही. मामानेच आरसा पुन्हा सरळ केला. चौकातला पोलीस म्हणाला, "हां, आता कसं!"

काही आठवड्यांनी मॅडमनी त्याला वर बोलावलं. चेहरा खुललेला होता. "खिडकीच्या वडिलांचा फोन होता. मुलगी सुधारली म्हणाले. सगळ्यांबरोबर जेवायला बसते, पेपर लिहिते, कसली तक्रार नाही. बघा मामा, उगीच मनाला लावून घेतलंत ना?"

मामाला वाटलं, आपलंच चुकलं असेल. मनापासून वाटलं. आपल्या मुलालाही काही लागलं नसेल, या भरवशावर त्याने रविवारची वाट न बघता मुलाला फोन लावला. बायको शेजारी येऊन बसली.

"एक विचारू का रे? तू मॅडमपाशी बोलायचास ते त्या मला सांगायच्या. तुला माहीत होतं?"

पलीकडे गाड्यांचे आवाज येत होते. मुलगा म्हणाला, "तुम्ही त्या संध्याकाळी येऊन म्हणालात ना, माझ्यासारखा होऊ नकोस. तेव्हाच कळलं."

"मग?"

"मग काय? दुसऱ्या दिवशी उठलो, आंघोळ केली, शाळेत गेलो."

"हो रे! त्या दिवसापासूनच तू बरा झालास."

"बरा नाही झालो बाबा. बोलायचं बंद केलं. तुम्ही सगळे इतके खूश झालात की मग तसंच ठेवलं."

बायकोने तोंडावर पदर घेतला. मामाने फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू त्या कानाला वेगळं ऐकू येईल. म्हणाला, "आता सांग ना बाळा. मी कुणाला सांगणार नाही. माझ्या शब्दावर सांग."

पलीकडचे गाड्यांचे आवाज कमी झाले, मुलगा बाजूला गेला असावा. मग म्हणाला, "आज इकडे ऊन चांगलं पडलंय, बाबा."