घंटावाल्याची तपासणी

लोकसेवा, दीनदुबळे असलं काहीएक तिच्या मनात नव्हतं. डॉक्टरबाई डॉक्टर झाली ती एका माणसाची जिरवायला. तो माणूस म्हणजे तिच्याच रस्त्यावरचा जुना डॉक्टर, सगळे त्याला घंटावाला म्हणत. त्याच्या टेबलावर पितळी घंटा असे. पेशंट बसला की दोन प्रश्न, तो बोलत असतानाच कागदावर औषध, आणि टण्ण! पुढचा आत. घंटा वाजल्यावर खुर्चीत बसून राहायची कुणाची टाप नव्हती.

शाळेत असताना ती आईबरोबर तिथे गेली होती. आई म्हणाली, फार थकायला होतं. त्यानं टॉनिक लिहिलं. आई उठली, दाराशी गेली, कडीला हात घातला आणि तिथेच घुटमळत हळूच म्हणाली, "डॉक्टर, अजून एक... संडासला रक्त जातं."

"मूळव्याध असेल. तिखट बंद करा," मान वर न करता तो म्हणाला, आणि टण्ण.

आईला टेबलावर झोपवून तपासायला पाच मिनिटं पुरली असती. वर्ष उलटायच्या आत ती आतड्याच्या कॅन्सरनं गेली आणि पोर मावशीच्या घरी आली.

पुढे मेडिकलला सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. वर्गातली हुशार मुलगी, हृदयाची नाहीतर मेंदूची डॉक्टर व्हायची, तर ही म्हणते फॅमिली डॉक्टर! "सर्दी-खोकल्यासाठी एवढं रक्त आटवायचं?" असं एक सर भर वर्गात म्हणाले. तिनं ते दात-ओठ खात ऐकून घेतलं. बाकीचे एकेक अवयव वाटून घेत होते. हिला अख्खा माणूस शिकायचा होता. पोरांचे ठणकणारे कान, बाळंतिणीचा ताप, म्हाताऱ्यांच्या पायाची सूज, साखर, रक्तदाब, आणि झोप येत नाही म्हणणाऱ्या बाईच्या मागे थायरॉईड लागलाय की सासू, हे ओळखणं. सगळ्यात अवघड म्हणजे कुणाला गोळी देऊन घरी पाठवायचं आणि कुणाला आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात पिटाळायचं. पहिल्या दारात चुकलं की पुढची दहा दारं ठोठावून उपयोग नसतो. हे मात्र तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

मग तिनं दवाखाना थाटला, तोही नेमका घंटावाल्याच्या समोर. काउंटरवर बसवलं मावशीला. मावशीचा राग भाचीहून काकणभर जास्तच. गेलेली तिची पाठची बहीण होती. ती नंबर लावता लावता खिडकीतून समोर कोण जातंय त्यावर डोळा ठेवायची आणि ओळखीचं कुणी दिसलं की सरळ हाक मारायची, "अहो, तिकडे कुठे? इकडे या, इकडे माणसाला हात लावून बघतात!"

आणि हात लावून बघितलंच जाई. बाकावरचे लोक कुरकुरत, पण उठून जात नसत. डॉक्टरबाई प्रत्येकाला दारापर्यंत सोडायला जाई, कारण खुर्चीत बसून माणूस खोकला सांगतो आणि खरं दुखणं कडीला हात घातल्यावर सांगतो. घंटावाल्याचा एकेक पेशंट इकडे आला की तिला मनापासून बरं वाटे. हे काही साजूक समाधान नव्हतं, आणि तिनं तसं कधी भासवलंही नाही. अखेर समोरचं शटर कायमचं खाली आलं, त्या दिवशी मावशीनं नाचायचं तेवढं बाकी ठेवलं. भाची मात्र धुमसतच राहिली. म्हातारा खुशाल निवृत्त झाला होता. आपला हिशेब कुणीतरी चुकता केलाय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

एका सकाळी तोच काठी टेकत दवाखान्यात आला. मावशी लगबगीनं आत आली. "आलाय गं! बसवू का संध्याकाळपर्यंत?"

"नंबराप्रमाणे येऊ दे."

"निदान मोडकी खुर्ची तरी देऊ?"

"मावशी!"

तो आत येऊन बसला. "गुडघा," म्हणाला. "गोळी लिहून द्या, झालं. नाव मीच सांगतो."

तिनं एका नजरेत पाहिलं. चेहरा पांढुरका, सदरा अंगात तरंगतोय. गुडघ्यानं माणूस असा वाळत नाही. तरी तिनं मान खाली घातली आणि त्यानं सांगितलेली गोळी लिहून दिली. जीव कसा निवला तिचा! ती जागची उठलीसुद्धा नाही. तो दाराशी गेला, कडीला हात घातला आणि थांबला.

आता नुसतं 'पुढचा' म्हणायचं होतं. त्यानं काही सांगितलंच नव्हतं. तिला कुणी बोल लावला नसता. शब्द जिभेवर आला होता. म्हातारा पाठमोरा उभाच.

"अजून काही?" तिनं विचारलं, आणि विचारल्याचा तिला स्वतःचाच संताप आला.

"रक्त जातं," तो कडीशीच बोलला. "बरेच महिने झाले."

"कुणाला दाखवलं नाहीत?"

"दाखवलं की, मोठमोठ्यांना. सगळे म्हणतात, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही स्वतः डॉक्टर. कुणी झोपवून तपासलंच नाही. मीही मग नेट लावला नाही."

तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पेरलं ते उगवलं होतं. "झोपा टेबलावर," ती म्हणाली आणि हातमोजे चढवले. तिनं एकही पायरी गाळली नाही, आणि प्रत्येक पायरी मुद्दाम मोठ्यानं सांगितली. "आधी पोट दाबून बघायचं असतं. मग कुशीवर वळवून बोटानं तपासायचं असतं. पाच मिनिटं लागतात याला, डॉक्टर." तो डोळे मिटून पडला होता. मग बोटाला गाठ लागली आणि ती बोलायची थांबली. सर्जनला तिनं स्वतः फोन लावला आणि दुसऱ्या दिवशीची वेळ मिळेपर्यंत त्याला सोडलं नाही.

गाठ वेळेत सापडली होती. ऑपरेशन झालं, म्हातारा वाचला. मावशीनं अबोला धरला आणि सोडला तो एवढंच विचारायला, "माझ्या बहिणीच्या मरणावर शिकलीस, आणि वाचवलंस कुणाला?" डॉक्टरबाईलाही तेच डाचत होतं.

काही महिन्यांनी तो फळांची टोपली घेऊन आला. गालावर मांस आलं होतं. "तुमच्यामुळे जगलो," म्हणाला.

"एक बाई तुमच्याकडे आली होती," ती म्हणाली. "हेच सांगत होती, तुमच्या दारात उभी राहून. तुम्ही वर बघितलं नाहीत. मी शेजारी उभी होते. माझी आई होती ती."

ही वाक्यं तिनं आयुष्यभर घोकली होती. तो हात जोडेल, नाहीतर चिडेल, नाहीतर रडेल, असं तिनं धरलं होतं. तो बराच वेळ आठवत राहिला. प्रामाणिकपणे.

"इतके पेशंट झाले हो," तो शेवटी म्हणाला. "नाही आठवत."

तिनं टोपली उचलली आणि त्याच्या हातात परत दिली.

"आठवा," ती म्हणाली. "आता वेळ आहे तुमच्याकडे. मीच दिलाय."