चादरीचं दुसरं टोक

त्यांचं आडनाव टिपणीस नव्हतं. पण मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या त्या कार्यालयात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना टिपणीस बाईच म्हणत. बाईंच्या कानावर पडलेला शब्द कागदावर उतरला नाही, असं कधी झालंच नाही ना! लोकांच्या घरी जायचं, पोरं नीट आहेत का ते बघायचं, आईबाप काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं आणि मूल घरी राहील की नाही हे ठरवणाऱ्या समितीपुढे ठेवायचं, हे त्यांचं काम. चौतीस वर्षं केलं. आता निवृत्तीला दोन महिने उरलेत आणि घरी नवरा म्हणतो, "आता तरी चादरी पिळायला लागशील का?"

कारण बाई चादर पिळत नाहीत. गळती तशीच दोरीवर टाकतात. खाली तळं साचतं, नवरा घसरता घसरता वाचतो आणि तोंडाला येईल ते बोलतो. बाई मुकाट ऐकून घेतात. सांगणार तरी काय? की पिळा बसायला लागला रे लागला, की कानाशी एक बाई बोलायला लागते, आणि ती बाई तर कधीच मेली आहे?

त्या कामात एक नियम आहे. कोणाच्याही घरात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य ठरलेलं. "मी कार्यालयातून आले आहे. तुम्ही जे बोलाल ते मला लिहावं लागेल आणि ते बाकीचे लोक वाचतील." ह्याला कार्यालयात 'पाटी' म्हणतात. पाटी वाचली का, असं एकमेकांना विचारतात. ती ऐकली की समोरचा माणूस सावरून बसतो, शब्द जपून वापरतो. वापरू दे की! आपण कोणाशी बोलतोय, एवढं तरी माणसाला कळायला नको?

बारा वर्षांपूर्वी बाईंकडे एक केस होती. आई लाँड्रीत इस्त्री करायची, बाप सोडून गेलेला, मुलगी सहा वर्षांची. कामावर जाताना पोरीला आत ठेवून बाहेरून कडी लावते, अशी शेजारणीची तक्रार. बाईंनी तीन भेटी दिल्या, तिन्ही वेळा पाटी वाचली, आणि तिन्ही वेळा आई खुर्चीच्या कडेवर बसून नुसतं हो मॅडम, नाही मॅडम करत राहिली. चौथ्या वेळी दार सताड उघडं होतं आणि आईच्या हातात ओलीचिंब चादर होती.

"बरं झालं बाई, आलात! धरा जरा दुसरं टोक."

बाईंनी पर्स खाली टाकली आणि टोक धरलं. समोरून कोणी ओली चादर पुढे केली तर पाटी वाचत कोण उभं राहतं? दोघी आपापल्या बाजूने पिळायला लागल्या. बादलीत पाण्याची धार लागली. पोरगी मध्येच चादरीखालून इकडून तिकडे पळत होती, भिजत होती, खिदळत होती.

"काय सांगू ताई," आई म्हणाली. मॅडमची ताई झाली ती त्या दिवशी. "जीव मेटाकुटीला येतो हो. कधी कधी वाटतं, कडी लावावी आणि निघून जावं, परत येऊच नये." मग स्वतःच खो खो हसली. "आणि जातेय कुठे! कोपऱ्यावरून परत येईन. ही कार्टी कुशीत नसली तर मला झोप तरी लागते का?"

बाईही हसल्या. अगदी मनापासून हसल्या, हे त्या अजूनही नाकारत नाहीत.

त्याच आठवड्यात साहेब म्हणाले होते, "बाई, तुमच्या अहवालात दम नसतो. समितीला काहीतरी ठोस लागतं." हे बाईंना चांगलंच झोंबलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या अहवाल लिहायला बसल्या. छापील फॉर्मवर 'पालकाचे उद्गार' ह्या मथळ्याखाली दोन ओळी आखलेल्या होत्या. त्यात कडी लावून निघून जायचं वाक्य बरोब्बर बसलं. पुढचं बसलं नाही. बसलं नाही कसलं, बसवलं नाही! फॉर्मची मागची बाजू अख्खी कोरी होती.

समितीने ते वाक्य मोठ्याने वाचलं. आई चिडली नाही, रडली नाही. रस्त्यात ओळखीचं समजून कोणाला हाक मारावी आणि ते माणूस भलतंच निघावं, तसं तिने बाईंकडे बघितलं. मुलगी सहा महिन्यांसाठी बालगृहात गेली. मुदत संपली की समिती पुन्हा फाइल उघडायची, पुन्हा तेच वाक्य वाचायची आणि मुदत वाढवायची. चौथ्या वर्षी आई न्यूमोनियाने गेली.

तेव्हापासून बाईंनी पाटी कधी चुकवली नाही. उलट इतकी अंगात भिनली की सख्खी बहीण एकदा फोनवर रडत नवऱ्याबद्दल सांगायला लागली, तर बाई म्हणाल्या, "थांब, आधी विचार कर. मला सांगावं का, ते ठरव." बहिणीने फोन ठेवला तो ठेवलाच. आणि तो आवाज? तो पिळ्यातून येतोच, पण कधी नळाखाली हात धुतानाही येतो. कडी लावावी आणि निघून जावं. नेहमी तेवढंच. हसणं कधी ऐकू येत नाही.

आणि आता ती मुलगी अठरा वर्षांची झाली होती आणि नियमाप्रमाणे स्वतःची फाइल वाचायला येणार होती. वाचताना शेजारी कोणालातरी बसावं लागतं. कार्यालयाच्या नव्या मॅडमनी विचारलं, "दुसऱ्या कोणाला बसवू का?"

"नको, मीच बसते."

"ती विचारेल तेवढंच सांगायचं हं बाई. आपल्या मनावरचा धोंडा तिच्या डोक्यावर द्यायचा नाही."

हे काय बाईंना शिकवायला हवं होतं? त्यांनीच कितीतरी नव्या पोरींना हे शिकवलं होतं. पण त्यांना एकच धास्ती होती. पोरगी ते वाक्य वाचणार आणि आईला आपण नकोच होतो, असं जन्मभर समजणार.

मुलगी आली. केस आखूड कापलेले, आईसारखीच रुंद कपाळाची. ती ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचत होती. ते पान आलं. बोट त्या दोन ओळींवरून सरकलं आणि मुलीने पान उलटलं. थांबलीसुद्धा नाही.

बाईंना राहवलं नाही. "ते वाक्य अर्धं आहे," त्या म्हणाल्या, आणि मग चादर, बादली, हसणं, कोपरा, कुशी, सगळं एका दमात सांगून टाकलं. "तिने ते मला ताई म्हणून सांगितलं होतं. मी मॅडम होऊन लिहिलं. चूक माझी होती, तिची नव्हती."

मुलीने उलटलेलं पान परत मागे आणलं.

"हे वाक्य मला पाठ आहे," ती म्हणाली. "समितीने वाचलं तेव्हा मी बाहेर बाकावर होते. दार उघडं होतं." ती बोलताना बाईंकडे बघत नव्हती. "आई दर रविवारी भेटायला यायची. मी कधी खाली गेलेच नाही. चार वर्षं. मला वाटायचं, हिला जायचंच होतं ना, मग जाऊ दे की. ती फाटकाशी उभी असायची आणि मी खिडकीतून बघायचे."

बाईंना हे माहीत नव्हतं. हे कोणी कुठे लिहिलंच नव्हतं.

"मी तिच्यावर चिडून तरी जगत होते," मुलगी म्हणाली. "आता काय करू?"

तिने त्या दोन ओळी तळहाताने झाकल्या.

"सांगून तुम्हाला बरं वाटलं?"

खोटं बोलायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण छातीवरचं खरंच उतरलं होतं, आणि त्याची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती.

"हो," बाई म्हणाल्या.

मुलीने मान हलवली. मग खुर्ची पुढे ओढली. "परत सांगा. ती पुढे काय म्हणाली होती?"

"आणि जातेय कुठे," बाई म्हणाल्या, "कोपऱ्यावरून परत येईन. ही कार्टी कुशीत नसली तर मला झोप तरी लागते का?"

"परत."

बाईंनी परत सांगितलं. शिपाई दोनदा डोकावून गेला, शेजारच्या खोल्यांना कुलपं लागली, आणि मुलगी डोळे मिटून म्हणत राहिली, "परत."